नापासकाका आणि तेवीस दोषांची गाडी

गाडी बघायला निघालेल्या माणसाबरोबर नापासकाका दिसले, की आज गाडी येणार नाही हे अख्ख्या गल्लीला कळायचं. यावर कोणी पैजही लावायचं नाही, कारण उलट बाजूने लावायला माणूसच मिळायचा नाही.

हे नाव त्यांना नोकरीतून मिळालं. चौतीस वर्षं ते पाण्याच्या मीटरच्या तपासणी खात्यात होते. लांबलचक खोली, भिंतीला लागून नळांची रांग, प्रत्येक नळाला एक मीटर जोडलेलं आणि खाली बादली. मीटर किती पाणी दाखवतं आणि बादलीत किती पडतं, ते ताडून बघायचं. जुळलं नाही की नापासाची चिठ्ठी लिहायची, कारणांसकट. वरची प्रत खात्यात, कार्बनखालची निळी प्रत ज्याचं मीटर त्याला. बाकीचे तपासनीस शंभरातली दहा मीटरं नापास करायचे, आपले काका साठ करायचे. त्यालाही कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी पास केलेलं एक मीटर कुठल्याशा बंगल्यात बसवलं गेलं आणि उलटं फिरायला लागलं. बंगलेवाला तीन महिने गप्प बसला, हे आपण समजू शकतो. प्रकरण उघडकीला आलं तेव्हा साहेबांनी काकांना बोलावून फक्त एकच प्रश्न विचारला: सही कोणाची? सही यांची होती. नापास केलेलं मीटर कोणाच्या घरी जाऊन उलटं फिरत नाही, हे त्या दिवशी त्यांच्या मनाने घेतलं ते कायमचं.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने त्यांनी घरातले नळ तपासले. बायको मेटाकुटीला आली. मग समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर देवासारखे धावून आले. डॉक्टरांना जुनी गाडी घ्यायची होती आणि फोनवर एक जाहिरात त्यांच्या मनात भरली होती: ‘एकाच हातची, रोज पुसलेली, जशी आहे तशी.’ काकांनी ती जाहिरात चष्मा सावरून दोनदा वाचली. ‘जशी आहे तशी’ म्हणजे कशी, ते लिहिलेलं नव्हतं. फोटो सहा होते आणि सहाच्या सहा डाव्या बाजूने काढलेले. उजवीकडे काहीतरी आहे, असं काका म्हणाले. जाऊन बघतात तर उजवीकडचं दार आतून दोरीने बांधलेलं.

त्या दोरीने काकांचं नाव झालं. डॉक्टरांनी खूश होऊन त्यांना आपल्या दवाखान्यातला दाढा बघायचा आरसा दिला, लांब स्टीलच्या दांड्याचा. तो गाडीच्या पोटाखाली घालून गंज बघता येतो, हा शोध काकांचा. त्याच्या जोडीला एक टॉर्च, रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि खात्यातून येताना आणलेली कार्बनची वही. चुंबक गाडीच्या अंगावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे ठोकर लागून लांबीचा लगदा भरलेला आहे आणि वरून रंग मारलेला आहे. जाहिरातींच्या बाबतीतही त्यांचे नियम ठरत गेले. ओल्या गाडीचा फोटो असेल तर ओरखडे झाकायचेत. तिन्हीसांजेचा असेल तर दोन दारांचे रंग जुळत नाहीत. आत सुवासाची डबी टांगलेली असेल तर गाडीला कसलातरी वास येतोय. किलोमीटरचा आकडा लहान आणि क्लचवरचं रबर झिजलेलं, तर आकडा मागे फिरवलाय. मागे फिरणाऱ्या आकड्यांवर काकांचा जुना राग होता. आणि मालकाने आपण यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर गाडी सकाळी सुरू व्हायला रडते. म्हणून पोचल्याबरोबर, नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत, काका बॉनेटवर तळहात ठेवायचे. काही मालकांना वाटायचं, ते गाडीला आशीर्वाद देताहेत.

तपासणी झाली की चिठ्ठी. वरची प्रत घेणाऱ्याला, निळी प्रत विकणाऱ्याला. विकणाऱ्याला कशाला, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं. काका म्हणाले, त्यालाही कळायला हवं ना आपण काय विकतोय. बहुतेक मालक ती चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांदेखत चुरगाळायचे.

स्वतः काकांना गाडी चालवता येत नव्हती. पण ज्याला गाडी घ्यायचीच नाही त्याच्या मतावर लोकांचा विश्वास बसतो. तीन वर्षांत त्यांनी दोनशे अडुसष्ट गाड्या बघितल्या आणि दोनशे अडुसष्ट नापास केल्या. हळूहळू असं झालं, की ज्यांना खरोखर गाडी घ्यायची असे ते त्यांना चुकवून मागच्या गल्लीने जायला लागले, आणि ज्यांना घ्यायची नसे ते त्यांना आग्रहाने घेऊन जायला लागले. नवऱ्याच्या डोक्यात लाल गाडीचं खूळ शिरलं की बायका गुपचूप काकांकडे निरोप धाडायच्या. दातांचे डॉक्टर तर तिसऱ्या वर्षीही दर रविवारी त्यांच्याबरोबर नेमाने एक गाडी बघायचे आणि सोमवारी नेमाने सायकलवरून दवाखान्यात जायचे. दोघेही खूश होते.

‘बरं झालं, लग्नाआधी तुमच्याकडे ही वही नव्हती,’ असं काकांची बायको अधूनमधून म्हणायची. काका त्यावर चष्मा पुसायला घ्यायचे. वही असती तरी आपण हिला पास केलं असतं असं त्यांना मनापासून वाटायचं, पण ते बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांच्या स्वतःच्या मुलीला गाडी हवी झाली.

मुलगी फिजिओथेरपिस्ट. गुडघे, पाठी, गोठलेले खांदे हा तिचा विषय. तीन वर्षं ती एका रुग्णालयाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत लोकांचे पाय वर-खाली करत होती आणि तिला तिथे गुदमरायला व्हायचं. एके दिवशी तिला हवं तसं काम मिळालं. डोंगराकडच्या सहा वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांकडे घरी जाऊन उपचार करायचे. अशा लोकांना रुग्णालयापर्यंत येणं जमत नाही आणि घरच्या घरी त्यांचे सांधे आखडून बसतात. पत्र आलं तेव्हा ती स्वयंपाकघरात आईला धरून गरागरा फिरली होती. अट एकच होती. स्वतःची गाडी हवी, आणि तिचे कागद महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चारपर्यंत काम देणाऱ्या केंद्राकडे पोचायला हवेत. नाही पोचले तर यादीत दुसरी मुलगी होती.

हाताशी तीन आठवडे होते. गाडी कोणाबरोबर जाऊन बघायची, हा प्रश्नच नव्हता. ज्याच्या घरी आचारी आहे त्याने जेवायला बाहेर कशाला जायचं?

पहिल्या गाडीची चार टायरं चार कंपन्यांची होती, नापास. दुसरीखाली तेलाचा थेंब होता. तो शेजारच्या गाडीचा असल्याचं मालकाने शपथेवर सांगितलं, पण शेजारची गाडी तिथे नव्हती. तिसरीपर्यंत मुलगी बापाकडे कौतुकाने बघत होती. चौथीचा हॉर्न काकांना केविलवाणा वाटला. सहावी उत्तम होती, म्हणूनच काकांच्या मनात पाल चुकचुकली: इतकी चांगली आहे तर विकतोय कशाला? सातवीचा मालक परदेशी निघाला होता, म्हणून विकत होता. तो घाईत आहे, असं कारण लिहून काकांनी तीही निकालात काढली. नववीत खरंच काही सापडेना. काकांनी भर उन्हात तासभर घाम गाळला आणि शेवटी लिहिलं की रंग राखाडी आहे, धुक्यात दिसणार नाही.

दहाव्या गाडीनंतर परत येताना बसमध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती. उतरायच्या थांब्याआधी तिने मान वळवली.

‘बाबा, तुम्ही गाड्या नापास करताय की मला?’

काकांनी हातातली तिकिटं दोनदा मोजली. थांबा आला आणि ते उतरले. त्या दिवसापासून ती एकटीच फोनवर जाहिराती बघायला लागली, आणि ते समोर आले की फोन पालथा घालून ठेवायला लागली. हे मात्र काकांना फार लागलं.

शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर मायलेकी एका फोनवर डोकी जोडून बसल्या होत्या. पांढरी, लहान, पाच दारांची गाडी होती. काका पाण्याचा पेला भरायच्या निमित्ताने तीनदा त्यांच्या मागून गेले. चौथ्यांदा मुलीने न बघताच फोन त्यांच्या दिशेने सरकवला.

काकांनी सवयीने फोटो मोजले. सात होते. डावीकडून एक, उजवीकडून एक, पुढून, मागून, आतून, इंजिनाचा, सगळे टळटळीत उन्हातले आणि कोरड्या गाडीचे. सुवासाची डबी नव्हती. आणि सातवा फोटो गाडीचा नव्हताच, एका निळसर कागदाचा होता. कागद चुरगाळून पुन्हा सरळ केलेला दिसत होता. त्यावर एकाखाली एक आकडे घातलेले दोष आणि त्यांच्यासमोर लाल पेनाने केलेल्या बरोबरच्या खुणा. खाली जाहिरातीत एवढंच लिहिलं होतं: ‘एका जाणकाराने तपासलेली. त्यांनी काढलेल्या तेवीसपैकी बावीस दोष दुरुस्त केले आहेत. यादी सोबत.’

‘र’ची शेपटी अशी लांब ओढणारं अक्षर जगात एकाच माणसाचं होतं. काकांनी पेला टेबलावर ठेवला, आणि तो रिकामाच होता.

त्यांना सगळं आठवलं. गेल्या वर्षी डॉक्टरांबरोबर ते एका लॉन्ड्रीवाल्याची गाडी बघायला गेले होते. दार उघडलं तर आतून दमट, कोंदट वास आला. पाण्यात बुडालेली गाडी, काकांनी मनात निकाल दिला आणि उरलेले बावीस दोष अकरा मिनिटांत जमवले. लॉन्ड्रीवाला मागे मागे फिरत काहीतरी सांगू पाहत होता. प्रत्येक विकणाऱ्याकडे एक गोष्ट असतेच, म्हणून काकांनी ती ऐकली नव्हती. तेविसावा दोष त्यांनी चिठ्ठी फाडता फाडता लिहिला होता.

‘उद्या सकाळी नऊला जातेय मी,’ मुलगी म्हणाली. ‘तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी जाणार आहे.’

शनिवारी काका पावणेनऊलाच दारात उभे होते, खिशात टॉर्च, आरसा, चुंबक आणि वही. बायकोने त्यांच्या कॉलरवरचा दोरा काढला आणि कानाजवळ येऊन, आज जिभेला जरा आवर घाला, असं बजावलं.

लॉन्ड्री म्हणजे समोर एक गल्ला, मागे वाफेने धुरकटलेली लांब खोली. छताला टांगलेल्या दांड्यांवर कोट, साड्या आणि शर्ट, प्रत्येकाला टाचलेली आकड्यांची चिठ्ठी. दोन मोठी यंत्रं घुमत होती आणि इस्त्रीच्या टेबलावरून गरम सुताचा वास येत होता. लॉन्ड्रीवाले बुटके, गोल चेहऱ्याचे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले. त्यांनी काकांना बघितलं, ओळखलं आणि हातातला कोट टाकून गल्ल्याबाहेर आले. आता हा माणूस आपल्याला शिव्या घालणार, या तयारीने काका उभे राहिले.

लॉन्ड्रीवाल्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, तुमचीच वाट बघत होतो. वर्षभरात बत्तीस जण गाडी बघून गेले, प्रत्येकाने शेवटची किंमत विचारली, पण गाडीत काय बिघडलंय ते एकानेही नीट सांगितलं नाही. काकांनीच काय तो तिच्याकडे माणूस म्हणून बघितलं. आधी चिठ्ठी रागाने चुरगाळली होती, ते कबूल. पण बायकोने ती कचऱ्यातून उचलली, सरळ केली आणि म्हणाली, यातलं खोटं कुठलं आहे ते दाखवा. दाखवता आलं नाही. मग दर महिन्याला दोन-दोन दोष काढत गेले.

मूळ निळी चिठ्ठी त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली होती. दुरुस्त्यांच्या पावत्या खाली एका चिमट्यात होत्या. काका चिठ्ठीजवळ गेले. पहिल्या दोषासमोर, ‘पाण्यात बुडालेली’च्या पुढे, लाल पेनाने लिहिलं होतं: ‘बुडाली नव्हती. चादरी ओल्या होत्या. आता ओल्या कपड्यांसाठी वेगळा टेम्पो घेतला आहे.’

काकांचे कान गरम झाले. चौतीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाने ओल्या चादरीला पूर समजावं, हे त्यांना फारच झोंबलं. ते भराभर खाली वाचत गेले. काचेची पट्टी बदलली, खूण. मागचा दिवा, खूण. डिकीचं कुलूप, खूण. बावीसपर्यंत खुणाच खुणा. शेवटच्या ओळीवर मात्र त्यांची नजर अडखळली. ‘२३. मालक फार गोड बोलतो. सावध राहावे.’ तिच्यापुढे लाल अक्षरात: ‘प्रयत्न चालू आहे.’

मुलगी शेजारी उभी राहून वाचत होती. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि खांदे हलत होते. काकांनी घसा खाकरला आणि गाडी कुठे आहे असं विचारलं.

गाडी मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत उभी होती. बॉनेट गार. काकांनी तपासणी सुरू केली, आणि अशी तपासणी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. चुंबक इंचाइंचावर फिरवलं. ते सगळीकडे घट्ट चिकटलं. आरसा पोटाखाली घातला, मग स्वतःच पोटावर पडून बघितलं. पट्टे ओढले, काचा वर-खाली केल्या, गालिचा उचलून खाली बोट फिरवलं आणि हुंगलं. धुतलेल्या सुताचा वास आला. क्लचवरचं रबर आणि मीटरवरचा आकडा यांचं व्यवस्थित जमत होतं. दोन तास झाले. लॉन्ड्रीवाले मध्येच जाऊन गिऱ्हाईक करून यायचे आणि पुन्हा हाताची घडी घालून उभे राहायचे. गोड बोलणं टाळायचं म्हणून ते अजिबातच बोलत नव्हते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते त्यांना किती जड जातंय.

साडेअकराला काकांनी वही उघडली. पान कोरं होतं. त्यांनी ते उलटून मागची बाजूही बघितली. एखाद्या दोषासाठी माणूस इतका आसुसला नसेल.

‘चालवून बघू,’ मुलगी म्हणाली.

ती चालवायला बसली, काका शेजारी, लॉन्ड्रीवाले मागे. घाईत काकांनी चुंबक रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि बाकीचं खिशात कोंबलं. गाडी अंगणातून हळूच बाहेर पडली, चौक ओलांडून चढाच्या रस्त्याला लागली. इंजिन एका लयीत होतं. मुलीचे हात सैल होते, ती छान चालवत होती. ती इतकी छान चालवते हे काकांना ठाऊकच नव्हतं. रस्ता जरा खराब झाला, आणि काकांनी ऐकलं.

टक. टक-टक.

‘थांब,’ काका म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पेन काढलं आणि एका दमात लिहिलं: ‘१. खडखड. उगम अज्ञात.’ मागच्या सीटवर लॉन्ड्रीवाल्यांचा चेहरा पडला. हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. बॉनेट उघडलं, काही सैल नव्हतं. डिकी उघडली, रिकामी. पुन्हा निघाले, खड्डा आला की टक. मागची सीट उचलून बघितली, चाकांच्या टोप्या काढून बघितल्या. उगम अज्ञात असलेला आवाज सर्वांत वाईट, तो पुढचा असेल, खालचा असेल, स्टिअरिंगचासुद्धा असेल, असं काका समजावून सांगत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा ठाम होत होता. बारा वाजून गेले. लॉन्ड्रीवाले रस्त्याच्या कडेला दगडावर टेकले आणि म्हणाले, ठीक आहे, चोविसावा दोष, तोही काढू, पण आज चारच्या आत नाही होणार.

मुलीने घड्याळ बघितलं. तिने बापाला उतरायला सांगितलं आणि एकटीच गाडी घेऊन त्या खड्ड्यांवरून गेली, वळली, परत आली. काच खाली होती. आवाज नव्हता. मग तिने लॉन्ड्रीवाल्यांना बसवून एक फेरी मारली. आवाज नव्हता. मग त्यांना उतरवून काकांना बसवलं. पहिल्याच खड्ड्याला टक.

तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. लोकांच्या सांध्यांचे आवाज ऐकून कुठलं हाड कुठे घासतंय ते सांगायचा तिचा धंदा होता.

‘बाबा, खिसा.’

काकांनी खिशात हात घातला. डॉक्टरांच्या आरशाचा स्टीलचा दांडा टॉर्चला टेकला होता. त्यांनी दोन्ही बाहेर काढले आणि मांडीवर ठेवताना ते एकमेकांवर आपटले. टक.

 लॉन्ड्रीवाल्यांना हसू आवरत नव्हतं म्हणून ते दगडावर बसल्या बसल्या पाठमोरे झाले. काकांना हसू आलं नाही. ते आपल्या हातातल्या वस्तूंकडे बघत राहिले. या दोन वस्तू खिशात घालून आपण किती गाड्यांत बसलो आणि कितींच्या चिठ्ठीवर खडखड लिहिली, हा हिशेब त्यांनी मनात सुरू केला आणि लगेच सोडून दिला.

‘गाडीत काही नाही गं,’ ते शेवटी म्हणाले. ‘मलाच भीती वाटते. तो डोंगराचा रस्ता, तू एकटी. मी हो म्हणायचं आणि उद्या काही झालं, तर सही माझी असेल.’

‘मलाही वाटते भीती,’ मुलगी म्हणाली. ‘पहिल्या दिवशी तर फार वाटेल. पण बाबा, जाणार मी आहे. सही माझी.’

काकांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. लहानपणी ती खात्यातल्या बादल्यांच्या खोलीत यायची तेव्हा नळाखाली हात धरून हसायची आणि ते तिला मागे ओढायचे, भिजशील म्हणून. ती भिजायचीच. भिजून तिला कधी काही झालेलं त्यांना आठवेना.

‘घे,’ ते म्हणाले.

शब्द इतका बारीक आला की मुलीने तो पुन्हा म्हणायला लावला. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना तितकंसं अवघड गेलं नाही.

मग सगळी धावपळ. गल्ल्यावर, धुतलेल्या शर्टांच्या थप्पीशेजारी, सह्या झाल्या. लॉन्ड्रीवाल्यांच्या बायकोने इस्त्रीच्या टेबलावर कागद सपाट धरले, मुलीने फोटो काढून केंद्राकडे पाठवले. तीन वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: कागद मिळाले, एक तारखेला सकाळी आठला हजर व्हा. मुलगी त्या वाफेच्या खोलीत टांगलेल्या कपड्यांमधून एकदा धावत जाऊन परत आली. काय करावं ते न कळून तिने बापाला मिठी मारली आणि काकांच्या खिशात पुन्हा टक झालं.

निघताना लॉन्ड्रीवाल्यांनी त्यांना अडवलं. त्यांना चिठ्ठी हवी होती. तपासणी झाली म्हणजे निळी प्रत मिळायलाच हवी, तसा काकांचा नियम होता. शिवाय, ते भिंतीकडे बोट दाखवून जरा संकोचाने म्हणाले, तेवढं तेविसावं राहिलंय.

काकांनी वही उघडली. त्या पानावर एक दोष आधीच लिहिलेला होता. खात्याचा दंडक असा की लिहिलेलं पान रद्द करायचं नाही, दुरुस्ती करून सही करायची. त्यांनी ‘उगम अज्ञात’ यावर सरळ रेघ मारली आणि पुढे काहीतरी लिहिलं. मग खाली: ‘२३. मालक गोड बोलतो. दोष नाही.’ पुढे या वहीत पहिल्यांदाच पास हा शब्द लिहिला, सही केली, आणि पान फाडलं. वरची प्रत घेणाऱ्याची म्हणून मुलीच्या हातात दिली, निळी लॉन्ड्रीवाल्यांना. लॉन्ड्रीवाल्यांनी ती तिथल्या तिथे वाचली, डोळे पुसले आणि टेम्पो विकायला काढला की तोही तुम्हीच तपासायचा, असं वचन घेतलं.

मुलीने आपली प्रत गाडीत बसल्यावर वाचली. पहिली ओळ तिने दोनदा वाचली. ‘१. खडखड. आवाज माझा होता.’ तिने चिठ्ठीची घडी घातली, पण कागदपत्रांच्या पाकिटात नाही ठेवली. समोरच्या ऊन अडवायच्या झडपेत खोचली, चालवताना दिसेल अशी.

घराकडे येताना गल्लीच्या तोंडाशी दातांचे डॉक्टर सायकलवर दिसले. पुढच्या सीटवर काका आहेत आणि गाडीला विकाऊची पाटी नाही, हे लक्षात येताच ते सायकलवरून उतरलेच. उद्याच्या रविवारचं काय होणार, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. काकांना त्यांना हात करायचा होता, पण करता आला नाही. एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हातात आरसा, आणि लॉन्ड्रीपासून घरापर्यंत त्यांनी ते दोन्ही एकमेकांपासून लांब, घट्ट धरून ठेवले होते.